शितावरून भाताची परीक्षा : गिनेसच्या कारखान्यातील ‘विद्यार्थी’

(द्वितीय वर्ष कला)

थोर माणसांची चरित्रे लिहावयास घेतली की लेखणी आपोआप रणांगणाकडे किंवा तुरुंगाकडे वळते. मी ज्यांच्याविषयी लिहिणार आहे ते गृहस्थ ना लढाईवर गेले, ना तुरुंगात. वयाच्या तेविसाव्या वर्षी ते आयर्लंडमधील एका मोठ्या दारूच्या कारखान्यात नोकरीस लागले आणि अखेरपर्यंत त्याच कंपनीत राहिले. हे वाचून कोणी कपाळाला आठी घालू नये. जगात जेथे जेथे संख्याशास्त्र शिकवले जाते तेथे तेथे या माणसाचे नाव घेतल्यावाचून वर्ष पुरे होत नाही. मात्र जे नाव घेतले जाते ते त्यांचे खरे नाव नव्हे. आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात शेवटच्या प्रकरणात ‘स्टुडंटची टी-कसोटी’ असे शब्द आहेत. स्टुडंट म्हणजे विद्यार्थी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे ‘विद्यार्थी’ हा शब्द एखाद्या थोर माणसाने स्वतःचे नाव म्हणून का घेतला असेल, याचे कुतूहल मला स्वस्थ बसू देईना.

त्यांचे खरे नाव विल्यम सीली गॉसेट. जन्म १३ जून १८७६, इंग्लंडमधील कँटरबरी गावचा. वडील लष्कराच्या इंजिनिअर पलटणीत कर्नल होते. मुलालाही त्याच पलटणीत जायचे होते, पण दृष्टी अधू निघाली आणि तो मार्ग बंद झाला. मग विंचेस्टरची शाळा, ऑक्सफर्डचे न्यू कॉलेज, १८९७ मध्ये गणिताच्या परीक्षेत पहिला वर्ग, १८९९ मध्ये रसायनशास्त्रात पहिला वर्ग. खात्यापित्या घरातील हुशार मुलाचे जसे होते तसेच सारे. त्यात आपल्याला अडखळावे असे काही नाही. खरी गोष्ट सुरू होते ती त्याच १८९९ साली, ते डब्लिनला गिनेस कंपनीत गेले तेव्हापासून.

हा कारखाना कसा होता ते थोडे सांगितले पाहिजे. आर्थर गिनेस नावाच्या माणसाने १७५९ साली डब्लिनमधील सेंट जेम्सेस गेट येथील जागा वर्षाला ४५ पौंड भाड्याने घेतली, आणि तीही तब्बल ९००० वर्षांच्या कराराने! आपल्याकडे पणतूच्या नावाने जमीन ठेवणारे पुष्कळ सापडतील, पण नऊ हजार वर्षांचा हिशेब मांडणारा विरळाच. पुढे हा कारखाना इतका वाढला की गॉसेट तेथे गेले तेव्हा जगातील सर्वांत मोठा म्हणून त्याची ख्याती होती. तेथे जी काळसर बिअर बनत असे तिचे नाव पोर्टर, आणि त्यातील अधिक कडक प्रकाराला स्टाउट पोर्टर, पुढे नुसते स्टाउट म्हणू लागले. भाजलेल्या धान्यामुळे तिला तो काळा रंग आणि किंचित करपलेली चव येते. या कंपनीने अगदी अलीकडे, २०१४ साली, १७९६ आणि १८०१ च्या जुन्या नोंदवह्या पाहून दोन पोर्टर पुन्हा बाजारात आणल्या. एक सौम्य, एक कडक.

पोर्टर हा शब्द मी कोशात पाहिला. पहिला अर्थ हमाल. दुसरा अर्थ ही बिअर. आणि दोन्हींचा संबंध असा की अठराव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर आणि नदीच्या धक्क्यांवर ओझी वाहणारे हमाल ही बिअर पीत, म्हणून तिला त्यांचे नाव पडले. स्वस्त, पोटाला आधार देणारी, दिवसभराच्या ओझ्यानंतर घ्यायची. हे वाचून मी बराच वेळ थांबलो. कारण माझे आजोबा १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून पुण्याला आले आणि पाठीवर पोती घेऊ लागले. वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, ते गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसार विभागात हमाल आहेत. लंडनच्या हमालांच्या नावाने जगभर पेय विकले जावे आणि त्यांतल्या एकाचेही नाव कोणाला ठाऊक नसावे, ही गोष्ट मला तरी साधी वाटली नाही. आमच्या वस्तीत दारूने काय केले आहे ते मी रोज पाहतो. आईला मी या लेखाचा विषय सांगितला तेव्हा ती दुसरा कोणी साधुसंत मिळाला नाही का, अशा नजरेने बघत राहिली. तिचे काही चुकले नाही. पण मला त्या पेयाची थोरवी गायची नाही. ते पारखता पारखता एका माणसाच्या हाती काय लागले ते सांगायचे आहे.

पारख हाच तर सारा प्रश्न होता. बिअरचे घटक चार : पाणी, सातू म्हणजे बार्ली, हॉप नावाच्या वेलीची कडू फुले, आणि आंबवण्यासाठी यीस्ट. पूर्वी ही पारख अनुभवी माणसांच्या नाकाडोळ्यांवर चाले. सातूचा दाणा दाताखाली फोडून पाहायचा, हॉपची फुले तळहातावर चोळून वास घ्यायचा, शेवटी पेला ओठाला लावायचा, आणि त्यावर माल घ्यायचा की नाही व काय भावाने घ्यायचा ते ठरवायचे. लहान कारखान्याला हे चालून जाते. गिनेसचा पसारा अफाट. एका खरेदीत भावाचा किंवा प्रतीचा अंदाज थोडा हुकला तरी नुकसान फार मोठे. पेल्यातली चव मात्र आज जशी तशीच उद्याही लागली पाहिजे, आणि गिऱ्हाईक मजूर असल्यामुळे किंमतही वाढून चालणार नाही. म्हणून कंपनीने ऑक्सफर्ड-केंब्रिजचे विज्ञानाचे पदवीधर नोकरीस ठेवायला सुरुवात केली होती. गॉसेट त्यांपैकी एक.

या पदवीधरांनी मोजमापे घ्यायला सुरुवात केली आणि लगेच एक अडचण पुढे आली. सगळा माल तर तपासता येत नाही. तपासलेला माल संपतो किंवा खर्ची पडतो. म्हणजे थोडीशी वानगी घ्यायची आणि तिच्यावरून साऱ्या ढिगाविषयी बोलायचे. आपण म्हणतो शितावरून भाताची परीक्षा. ठीक आहे. पण किती शिते? एक? चार? दहा? आणि चार शिते दाबून पाहिली, तीन शिजलेली निघाली, एक कच्चे निघाले, तर भात शिजला म्हणायचे की नाही?

हा प्रश्न दूरच्या डब्लिनचा नाही. मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा लागतात तेव्हा खरेदीदार एखाद्या ढेपेचा खडा काढून जिभेवर ठेवतो, रंग पाहतो, बोटांत चुरून रवा पाहतो, आणि भाव बोलतो. खारवट जमिनीतल्या उसाचा गूळ खारट लागतो, ते आबासुद्धा डोळे मिटून सांगतात. धान्याच्या पोत्यात टोकदार पोकळ सळई खुपसतात. तिच्या खोबणीतून मूठभर दाणे हातावर येतात, आणि त्या मुठीवर गाडीभर मालाची किंमत ठरते. दोन वर्षांपूर्वी माझे चुलते ज्वारीची बावीस पोती घेऊन आले होते. एका व्यापाऱ्याने एकाच पोत्यात सळई घातली. नेमके ते पोते गाडीच्या कडेचे, वाटेत पावसाने भिजलेले. काळे पडलेले दाणे हातावर आले आणि बावीसच्या बावीस पोत्यांचा भाव उतरला. आणखी दोन पोती बघा असे नाना म्हणत राहिले. व्यापारी पुढच्या गाडीकडे गेलाही होता. नाना परतताना एसटीत काही बोलले नाहीत असे आबांनी नंतर सांगितले. त्या दिवशी आणखी तीन पोती फोडून पाहायला कितीसा वेळ लागला असता? आणि ती पाहिली असती तर व्यापाऱ्यालाही चांगला माल चांगला म्हणून कळला नसता का? एक वानगी पुरेशी नाही हे कोणीही सांगेल. पण किती पुरे, आणि त्या ‘किती’ची किंमत कोणी मोजायची, हा हिशेब गॉसेट यांच्या आधी कोणी नीट मांडला नव्हता.

१९०४ साली त्यांनी कंपनीसाठी एक अहवाल लिहिला. त्यातले एक उदाहरण मला फार आवडले. मोड आणून वाळवलेल्या सातूला माल्ट म्हणतात. त्यातून किती अर्क निघतो त्यावर पेयाची तीव्रता ठरते, आणि त्या देशात १८८० पासून सरकारी कर या तीव्रतेच्या मापावरच बसत असे. अर्क अपेक्षेपेक्षा जास्त उतरला तर कर वाढणार, कमी उतरला तर गिऱ्हाईक तोंड वाकडे करणार. म्हणून मापात अर्ध्या अंशापेक्षा अधिक चूक नको होती. गॉसेट यांनी दाखवले की दोनच मोजण्या घेतल्या तर अंदाज या मर्यादेत राहण्याची शक्यता साधारण चारास एक. चार घेतल्या तर बारास एक. पाच घेतल्या तर एकोणिसास एक. यानंतर ते कारखानदाराच्या भाषेत विचारतात की आपल्याला किती खात्री हवी आहे, आणि तेवढ्या खात्रीसाठी किती पैसे मोजायची तयारी आहे. खात्री फुकट मिळत नाही. प्रत्येक जादा मोजणीला वेळ लागतो, माणूस लागतो. तेव्हा चुकीने होणारे नुकसान आणि तपासणीचा खर्च हे दोन्ही तराजूत घालून मगच किती शिते दाबायची ते ठरवावे. बाजारातल्या कोणत्याही शहाण्या माणसाला पटावे असेच हे बोलणे आहे. फक्त त्याला आकड्यांचा आधार पहिल्यांदा मिळत होता.

पण गणित अजून पुरे होत नव्हते. त्या काळी संख्याशास्त्राचे मोठे पीठ म्हणजे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील कार्ल पिअर्सन. १९०५ च्या जुलैत पिअर्सन सुटीसाठी खेड्यात राहिले होते. गॉसेट सायकलवरून त्यांना भेटायला गेले. पुढे १९०६-०७ चे वर्ष कंपनीने त्यांना पिअर्सन यांच्याजवळ शिकायला पाठवले. तिशीतला, नुकतेच लग्न झालेला, पगारी अधिकारी पुन्हा बाकावर बसला. पिअर्सन यांची माहिती शेकडो-हजारो नोंदींची असे. एवढ्या मोठ्या संख्येत मालाचा कमीजास्तपणा, ज्याला पुस्तकात प्रमाण विचलन म्हणतात, तो जवळजवळ अचूक कळतो. कारखान्यात मात्र हाती चार-सहा नोंदी. चार दाण्यांवरून नुसती सरासरीच नव्हे, तर तो कमीजास्तपणाही अंदाजानेच काढावा लागतो. म्हणजे एका अंदाजाखाली दुसरा अंदाज. मोठ्या संख्येचे जुने तक्ते येथे लावले तर माणूस फसतो, कारण ते तक्ते खोटी खात्री देतात. नोंदी जितक्या थोड्या तितकी शंका किती वाढवून धरावी, हे नेमके सांगणारे सूत्र गॉसेट यांनी शोधले. आजच्या तक्त्यात पाहिले तर फरक दिसतो : शंभरात पंच्याण्णव वेळा बरोबर ठरायचे असेल तर भरपूर नोंदींसाठी जेथे १.९६ हा आकडा धरतात, तेथे दहा नोंदींसाठी २.२६ आणि चारच नोंदींसाठी ३.१८ धरावा लागतो.

हे सूत्र त्यांनी काही तर्काने, काही अंदाजाने मांडले होते. ते खरे की खोटे ते पाहण्यासाठी त्यांनी जे केले ते वाचून मला गंमत वाटली आणि आदरही वाटला. ३००० कैद्यांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी यांचे तयार आकडे उपलब्ध होते. गॉसेट यांनी ते ३००० पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिले, पत्त्यांसारखे पिसले, आणि चार-चार करून ७५० गट पाडले. मग प्रत्येक गटाची सरासरी हाताने काढून आपल्या सूत्राशी ताडून पाहिली. त्या वेळी संगणक नव्हते. जमाखर्चाची वही लिहिणाऱ्या कारकुनाची चिकाटी आणि गणितज्ञाची बुद्धी एकाच माणसात होती असे म्हटले पाहिजे. आकडे जुळले. मार्च १९०८ मध्ये पिअर्सन यांच्या ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात तो निबंध आला. त्याच्या आधल्या वर्षीचा निबंध सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टच्या पेशी मोजण्याविषयी होता.

दोन्ही निबंधांखाली नाव होते स्टुडंट. कारण असे की कंपनीने आपल्या नोकरांच्या संशोधनावर बंधन घातले होते. छापायचे तर कारखान्याचे नाव नको, बिअरचा उल्लेख नको, आणि स्वतःचे नावही नको. प्रतिस्पर्ध्यांना कळता कामा नये की गिनेसने अशी माणसे ठेवली आहेत आणि ती असल्या कामाला लावली आहेत. धंद्याचा विचार केला तर हे समजण्यासारखे आहे. तरीही मनात येते की या बंधनाने त्या माणसाकडून केवढे मोठे काही काढून घेतले! मात्र गॉसेट यांनी कुरकुर केल्याचे दिसत नाही. हुद्दा होता, पदवी होती. त्यांनी निवडले ते नाव सर्वांत खालच्या पायरीवरचे.

निबंधाकडे आरंभी फारसे कोणी पाहिले नाही. थोड्या नोंदींवर बोलणे हे पिअर्सन यांच्या पंथाला हलकेच वाटे. १९१२ साली केंब्रिजमधील एका तरुणाने गॉसेट यांना सूत्राची रीतसर सिद्धता लिहून पाठवली. तो तरुण म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले रॉनल्ड फिशर. दोघांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षे चालला. आपले तक्ते फिशरना पाठवताना गॉसेट यांनी थट्टेने कळवले होते की ते वापरणारे तुम्ही एकटेच निघाल. १९२५ साली फिशर यांनी आपल्या पुस्तकात ही कसोटी घातली आणि ती सर्वत्र पसरली. फिशर यांची चवीविषयीची गोष्टही येथे सांगण्यासारखी आहे. एका बाईंचे म्हणणे होते की कपात दूध आधी घातले की चहा आधी, हे मला चवीवरून कळते. फिशर यांनी आठ कप मांडले, चार असे, चार तसे, क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा. नुसत्या नशिबाने सगळे बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. १९३५ च्या पुस्तकात त्यांनी यावर एक प्रकरणच लिहिले. अमृततुल्यच्या बाकावर बसून हा प्रयोग करायला आमचे मित्रमंडळ एका पायावर तयार आहे.

गॉसेट यांचे पुढचे पुष्कळसे काम शेतातले. आयर्लंडच्या कृषी खात्याबरोबर कंपनी सातूच्या वाणांची तुलना करीत होती : कोणता वाण एकरी जास्त उतरतो, कोणाचा माल्ट चांगला. हे प्रयोग एकाच शेतावर न करता वेगवेगळ्या जिल्ह्यांत, वेगवेगळ्या मातीत करावेत यावर त्यांचा भर असे, कारण शेतकरी काही एकाच जमिनीवर राहत नाहीत. येथे त्यांचे आणि फिशर यांचे मतभेद झाले. वाफे चिठ्ठ्या टाकून वाटावेत असे फिशर म्हणत. जमिनीचा कस एका बाजूला चढत जातो हे डोळ्यांना दिसत असताना वाफे समतोल मांडणेच बरे, असे गॉसेट म्हणत. विद्वान बहुतेक फिशर यांच्या बाजूने गेले. मला मात्र गॉसेट यांची आणखी एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. दोन वाणांतला फरक नुसता सिद्ध झाला एवढ्यावर ते थांबत नसत. तो फरक पैशात किती, आणि पेरणाऱ्याला परवडेल का, हे विचारत. आमच्या पुस्तकात कसोटीचे सूत्र आहे, तक्ता आहे, हा प्रश्न मात्र कोठे दिसला नाही.

या शास्त्राचे धागे आपल्या भागापर्यंत आले आहेत. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे फर्ग्युसन कॉलेजातून १९३२ साली पदवीधर झाले आणि लगेच लंडनच्या त्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकायला गेले. परत आल्यावर त्यांनी विनायक गोविंद पानसे यांच्यासह पिकाच्या अंदाजाची पद्धत बसवली. गावे निवडायची, शेते निवडायची, त्यांत ठरावीक मापाचा तुकडा आखून तेवढेच पीक कापायचे, झोडपायचे, तोलायचे. तुकडा फारच लहान घेतला तर कडेवरची ताटे आत धरली जातात आणि उतारा फुगून दिसतो, हे सुखात्मे यांनी दाखवून दिले. किती शिते हा प्रश्न जसा आहे, तसा शीत केवढे हाही आहे. शेतीसंशोधकांसाठी या दोघांनी लिहिलेल्या पुस्तकात टी-कसोटी आहेच. सुखात्मे उत्तरायुष्यात पुण्यातच राहिले आणि १९९७ मध्ये येथेच वारले.

माणूस म्हणून गॉसेट साधे होते. सुतारकाम करीत, बागेत फळझाडे लावीत, होड्या बांधीत; एका होडीला त्यांनी दोन्ही टोकांना सुकाणू बसवले होते. पत्नी मार्जोरी हॉकीपटू होत्या. पिअर्सन आणि फिशर यांचे हाडवैर. एकमेकांचे नाव काढले तरी दोघांचे माथे भडके. या दोघांशीही ज्याची मैत्री शेवटपर्यंत टिकली असा माणूस शोधायचा तर गॉसेट यांच्याशिवाय नाव सुचणे कठीण. १९३५ साली कंपनीने लंडनला पार्क रॉयल येथे नवा कारखाना काढला आणि तेथील शास्त्रीय विभाग त्यांच्याकडे सोपवला. १९३७ मध्ये ते कंपनीचे मुख्य मद्यनिर्माते झाले. ते पद त्यांना थोडाच काळ लाभले. १६ ऑक्टोबर १९३७ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले, वय ६१.

१९३९ साली त्यांच्यावर मृत्युलेख आले. एक फिशर यांनी लिहिला, दुसरा पिअर्सन यांचे चिरंजीव एगन पिअर्सन यांनी. १९४२ मध्ये त्यांचे सारे निबंध एकत्र करून पुस्तक निघाले. आता कंपनीचे बंधन पाळण्याचे काही कारण उरले नव्हते, माणूस जाऊन पाच वर्षे झाली होती. तरी संपादकांनी पुस्तकाच्या नावात ‘स्टुडंट’ हाच शब्द ठेवला.